पिंगशीच्या खोऱ्यातले उडते कंदील

तैवानमध्ये नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नव्यानं राहायला गेलेल्या परदेशी माणसाला चांद्र नववर्षाचा पहिला आठवडा फार सुनासुना वाटतो. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा तिसरा आठवडा यांच्या दरम्यान कधीतरी हे नववर्ष येतं. आदल्या संध्याकाळी सगळं कुटुंब एका टेबलाभोवती जेवायला बसतं. दूरच्या शहरांतून मुलं-नातवंडं घरी पोहोचतात, लहानांना लाल पाकिटांतून पैसे मिळतात. हा सोहळा घराच्या आत, दार लावून चालतो. ऑफिसातले सहकारी गावी गेलेले, कोपऱ्यावरची खानावळ बंद, एरवी गजबजलेल्या गल्ल्या रिकाम्या. शिनचूसारख्या चिप-कारखान्यांच्या शहरात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परक्याला त्या दिवसांत आधार असतो तो चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांचा आणि घरी लावलेल्या व्हिडिओ कॉलचा.

पंधराव्या दिवशी पौर्णिमा येते आणि चित्र पालटतं.

या रात्रीला तिथे युआनशियाव म्हणतात. नववर्षाच्या सणाची सांगता या रात्रीनं होते. चिकट तांदळाच्या पिठाचे, आत तिळाचं किंवा शेंगदाण्याचं सारण भरलेले गोळे गरम पाण्यात उकळून घरोघरी खाल्ले जातात. पण खरा सण असतो तो देवळांच्या आवारात, नदीकाठी, रस्त्यावर. दिवे बघायला जायला कुणाच्या आमंत्रणाची गरज लागत नाही. भारतीय पंचांगाच्या हिशेबानं ही बहुतेक वेळा माघी पौर्णिमा असते. अधिक महिन्यांच्या गणितामुळे कधी ती पुढे सरकते. २०२६ मध्ये युआनशियाव ३ मार्चला आली, म्हणजे आपल्या होळीच्या पौर्णिमेलाच.

तैवानभर त्या रात्री दिव्यांचं राज्य असतं. सरकारचा मोठा कंदील महोत्सव १९९० पासून भरतो आणि तो दर वर्षी वेगळ्या शहरात जातो. त्यात जमिनीवर उभारलेल्या प्रचंड रोषणाईच्या आकृत्या असतात. दक्षिणेत ताइनानजवळच्या यानश्वेई गावात हजारो रॉकेटं मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचून एकदम पेटवतात. लोक हेल्मेट आणि जाड कपडे घालून त्या माऱ्यात उभे राहतात. उत्तरेत मात्र सगळ्यांची पावलं पिंगशीकडे वळतात. तिथे दिवे आकाशात सोडतात.

पिंगशी हा न्यू तैपेई महानगरातला डोंगराळ भाग. राजधानी तैपेईपासून अंतर फार नाही, तरी तिथे पोहोचल्यावर आपण शहराजवळच आहोत यावर विश्वास बसत नाही. अरुंद दरी, दोन्ही बाजूंना घनदाट हिरवे डोंगर, मधून कीलुंग नदीचा वरचा प्रवाह. या नदीचा उगमच या परिसरात आहे. वस्ती जेमतेम, सगळ्या भागाची मिळून पाच हजारांच्या आत. पाऊस मात्र अफाट. याच भागातल्या हुओशावल्याव इथे १९१२ साली आठ हजार मिलिमीटरहून जास्त पावसाची नोंद झाली होती. आपल्या आंबोलीच्या तोडीचा हा पाऊस. आंबोलीत तो चार महिन्यांत कोसळून जातो, इथे हिवाळ्यातही रिपरिप चालूच असते. ही ओल पिंगशीच्या कंदिलांच्या गोष्टीत फार महत्त्वाची आहे.

इथे कंदील का सोडू लागले, याची कथा गावकरी अशी सांगतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चीनच्या फुजियान प्रांतातून आलेली कुटुंबं या दरीत जंगल तोडून स्थिरावली. रस्ते नव्हते, पोलीसठाणं नव्हतं. सुगी संपली, घरात धान्य आलं, की हिवाळ्यात दरोडेखोरांच्या टोळ्या उतरत. मग बायका-मुलं आणि म्हातारी माणसं डोंगरात लपायला जात, काही धडधाकट पुरुष घरं राखायला मागे थांबत. धोका टळला की ते कागदाचा दिवा आकाशात सोडत. डोंगरातल्यांना तो दिसला की कळे: गाव सुखरूप आहे, परत यायला हरकत नाही. हा परतीचा दिवस नववर्षाच्या पौर्णिमेच्या आसपासचा. दरोडेखोर गेले, पण दिवा सोडायची रीत राहिली.

हे दिवे मूळचे कुणाचे, या प्रश्नाला चिनी परंपरेत बहुतेक वेळा दिलं जाणारं उत्तर आहे: तिसऱ्या शतकातला मुत्सद्दी सेनापती जूगे लियांग, ज्याला कोंगमिंग असंही म्हणतात. वेढ्यात सापडला असताना त्यानं कागदी दिवा उडवून मदत मागवली, अशी आख्यायिका आहे. आजही या दिव्याला कोंगमिंगचा दिवा म्हणतात. आख्यायिकेतलं आणि पिंगशीच्या कथेतलं सूत्र मात्र सारखंच आहे. दोन्हीकडे हा दिवा म्हणजे निरोप आहे. दूर असलेल्या आपल्या माणसांना खबर कळवायचं ते साधन आहे, आणि घरापासून हजारो किलोमीटर लांब राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट कुणी समजावून सांगावी लागत नाही.

पिंगशीचं आजचं रूप घडवलं ते कोळशानं. तैवानवर १८९५ ते १९४५ जपानची सत्ता होती. त्या काळात इथे खाणी निघाल्या आणि कोळसा वाहून न्यायला १९२१ साली रेल्वे टाकली गेली. सांदियावलिंग ते जिंगतोंग हा मार्ग अवघा १२.९ किलोमीटरचा. खाणकंपनीची ही रेल्वे १९२९ मध्ये सरकारनं विकत घेतली. पुढची कित्येक दशकं दरीतल्या घराघरांतले पुरुष खाणीत उतरत राहिले. १९८० च्या दशकात खाणी एकामागून एक बंद पडू लागल्या. तरुण मंडळी तैपेईकडे निघून गेली. छोटेखानी गाड्या, जपानी काळातलं जिंगतोंगचं लाकडी स्टेशन, कोळसा नेण्यासाठी १९४७ मध्ये याच दरीतल्या शिफेन गावात बांधलेला झुलता पूल, एवढं मागे उरलं. दिग्दर्शक होऊ शियावशियेन यांनी १९८६ च्या ‘डस्ट इन द विंड’ या चित्रपटात याच रेल्वेमार्गावरचं, खाणीच्या गावातलं आयुष्य टिपलं आहे. पिंगशी पाहण्याआधी तो चित्रपट जरूर पाहावा.

कंदिलांना पुन्हा दिवस आले ते १९९९ मध्ये, तेव्हाच्या तैपेई जिल्हा प्रशासनानं गावच्या या रिवाजाला महोत्सवाचं रूप दिल्यावर. तोवर हा काही खेड्यांपुरता सण होता. पुढे २०११ मध्ये ‘यू आर द ॲपल ऑफ माय आय’ हा तरुणाईचा चित्रपट आला. त्यातले नायक-नायिका रुळांवर उभं राहून कंदील सोडतात. त्यानंतर आशियाभरातून जोडपी इथे यायला लागली. आता शिफेनच्या दुकानांत वर्षभर, अगदी मंगळवारच्या दुपारीसुद्धा, कंदील मिळतात.

शिफेनचा बाजार बघण्यासारखा आहे. रेल्वेचा एकेरी मार्ग घरांच्या दोन ओळींमधून जातो. दुकानांच्या पायऱ्या आणि रूळ यांच्यात हातभराचं अंतर. गाडी साधारण तासाला एक, त्यामुळे मधल्या वेळेत रूळ म्हणजेच रस्ता. लोक रुळांवर उभे राहून कंदिलावर लिहितात, सोडतात, फोटो काढतात. शिट्टी ऐकू आली की सगळे बाजूला होतात, गाडी सावकाश जाते, आणि तिच्या मागोमाग माणसं पुन्हा रुळांवर येतात. इतकी वर्षं हे असंच चालू आहे.

कंदील दिसायला साधा. पातळ कागदाचे चार मोठे तुकडे कडांना चिकटवून केलेली उंच पिशवी, खाली बांबूच्या कामटीचं कडं, कड्यात आडवी-उभी तार, आणि तारेला अडकवलेला तेलात भिजवलेल्या पूजेच्या कागदाचा बोळा. चार तुकड्यांना चार रंग असू शकतात आणि प्रत्येक रंगाला एकेक मागणं नेमून दिलेलं असतं: लाल आरोग्यासाठी, पिवळा पैशासाठी, जांभळा अभ्यासासाठी. दुकानागणिक यादी थोडी बदलते. ऊद लावताना हात जोडावेत त्या गांभीर्यानं म्हाताऱ्या बायका लिहितात, शाळकरी मुलं परीक्षेचे गुण लिहितात, जोडपी एकमेकांचं नाव लिहितात.

लिहायला मिळतो तो ब्रश आणि काळी शाई. कंदील कपडे वाळत घालायच्या दांडीसारख्या चौकटीला चिमट्यांनी अडकवतात. एक बाजू झाली की दुकानदार तो फिरवून देतो. परदेशी माणूस इथे पहिल्यांदा थबकतो. काय लिहावं, आणि कुठल्या भाषेत? उत्तर सोपं आहे. आपल्या. शिफेनच्या आकाशात जपानी, कोरियन, व्हिएतनामी, इंडोनेशियन, इंग्रजी अक्षरं रोज तरंगत असतात. तैवानमध्ये आठ लाखांहून जास्त स्थलांतरित कामगार आहेत. इंडोनेशिया, व्हिएतनाम, फिलिपिन्स, थायलंड इथून आलेली ही माणसं कारखान्यांत राबतात, मच्छीमार बोटींवर जातात, घराघरांतल्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची सेवा करतात. परदेशस्थ म्हटलं की मोठ्या पगाराचा अधिकारी डोळ्यांसमोर येतो. पण तैवानातला खरा परदेशस्थ बहुतांशी हा आहे. सुट्टीच्या दिवशी तोही पिंगशीच्या गाडीत असतो आणि कंदिलावर गावाकडच्या मुलांची नावं लिहितो.

भारतीयांची संख्या त्या मानानं थोडी, पण वाढते आहे. शिनचू आणि तैपेईच्या विद्यापीठांत विज्ञान-तंत्रज्ञान शिकणारे विद्यार्थी आहेत, चिप उद्योगात इंजिनिअर आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारत आणि तैवान यांच्यात कामगार पाठवण्याबाबत सामंजस्य करार झाला. त्याच महिन्यात गुजरातमधल्या ढोलेरा इथे टाटा इलेक्ट्रॉनिक्स आणि तैवानची पीएसएमसी यांच्या चिप-कारखान्याला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. पुण्या-नाशिकच्या घरातला मुलगा किंवा मुलगी तैवानला निघाली आहे, हे वाक्य येत्या काही वर्षांत आपल्याला जास्त वेळा ऐकू येणार. अशा घरांनी पिंगशीचं नाव लक्षात ठेवावं. देवनागरीत लिहिलेला कंदीलही त्या आकाशात उत्तम उडतो.

तो उडतो कसा, हे विज्ञानाच्या तासाला मुलांना दाखवावं इतकं सुंदर आहे. साधारण २० अंश तापमानाला एक घनमीटर हवेचं वजन १.२ किलोच्या आसपास भरतं. तीच हवा १०० अंशांपर्यंत तापवली की प्रसरण पावते आणि घनमीटरमागे अडीचशे ग्रॅम हलकी होते. कंदिलात अर्ध्या घनमीटरहून कमी हवा मावते, म्हणजे उचलायची ताकद शंभर ग्रॅमच्या जवळपास. कागद, बांबू, तार, बोळा हे सगळं मिळून त्याहून हलकं असलं पाहिजे. म्हणून कागद इतका पातळ आणि कामटी इतकी बारीक. बाहेरची हवा जितकी थंड, तितका फरक मोठा आणि उड्डाण जोरदार. हिवाळ्यातली रात्र त्यासाठी उत्तमच. फ्रान्समध्ये माँगोल्फिए बंधूंनी १७८३ मध्ये तापलेल्या हवेचा फुगा उडवला, त्याचं तत्त्व हेच.

सोडताना घाई करून चालत नाही. चौघांनी चार बाजूंनी कडं धरायचं, बोळा पेटवला की कंदील फुगू द्यायचा. आतली हवा पुरेशी तापली की तो हातातून वर ओढ घ्यायला लागतो. ती ओढ जाणवल्यावर चौघांनी एकदम सोडायचा. एकानं जरी उशीर केला तर तो कलंडतो आणि कागद पेट घेतो. नीट सोडला तर आधी जड, मग एकदम हलका होत डोंगराच्या माथ्याच्याही वर जातो. काही मिनिटांत तेल संपतं, हवा निवते आणि तो खाली येऊ लागतो.

युआनशियावच्या सुमाराचा मोठा महोत्सव हा या रोजच्या कंदिलांहून वेगळा अनुभव आहे. एखाद्या शाळेच्या पटांगणावर किंवा शिफेनच्या मोकळ्या मैदानात मंच उभारतात. अंधार पडल्यावर फेऱ्या सुरू होतात. एका फेरीत शंभर-दीडशे कंदील, प्रत्येकाभोवती चार-पाच माणसं. निवेदक उलटे आकडे मोजतो, दिवे मालवतात, आणि सगळे कंदील एकाच क्षणी जमीन सोडतात. चिनी राशिचक्रातल्या त्या वर्षीच्या प्राण्याच्या आकाराचा एक भलामोठा कंदीलही असतो. पहिल्या फेरीला मैदानात एक मोठा उसासा ऐकू येतो, मग टाळ्या, मग मुलांच्या किंकाळ्या. छायाचित्रांत सगळे कंदील सारखे दिसतात. प्रत्यक्षात त्यांची गती वेगवेगळी असते, एखादा मागे रेंगाळतो, दोघे एकमेकांना घासून जातात, वाऱ्याच्या एका थरात पोहोचल्यावर सगळ्यांची दिशा एकदम बदलते. हे पाहायला तिथेच असावं लागतं.

मोठ्या फेरीत कंदील सोडायचा तर सकाळीच यावं लागतं. नंबर आधी वाटले जातात आणि ते लवकर संपतात. युआनशियावला तैवानमध्ये सरकारी सुट्टी नसते, ही गोष्ट नव्यानं आलेल्यांच्या लक्षात येत नाही. आठवड्याच्या मधल्या वारी पौर्णिमा आली तर अर्धी रजा टाकावी लागते. महोत्सवाचा एखादा दिवस शनिवार-रविवारी ठेवलेला असला तर तो नोकरदारांना सोयीचा. खासगी गाड्यांना रस्ते बंद असतात. तैपेईच्या प्राणिसंग्रहालयाच्या मेट्रो स्टेशनवरून खास बस सुटतात, किंवा रेल्वेनं रुईफांगला जाऊन पिंगशीची छोटी गाडी पकडता येते. जाताना त्रास कमी. परतीची रांग लांब असते आणि ती पावसात उभं राहून काढावी लागते. गर्दीत छत्री उघडता येत नाही, आणि उघडली तर मागच्यांना काही दिसत नाही. पातळ रेनकोट न्यावा. सुती किंवा लोकरीचे कपडे घालावेत, कारण नायलॉनवर ठिणगी पडली तर भोक पडतं.

खाण्याचे हाल होत नाहीत. भाताचं सारण भरलेले कोंबडीचे पंख ही शिफेनची खासियत. शाकाहारी माणसानं दुकानाच्या पाटीवर स्वस्तिकाचं चिन्ह शोधावं: बौद्ध परंपरेमुळे तैवानातली शाकाहारी उपाहारगृहं ते चिन्ह लावतात, आणि ही माहिती तिथे राहणाऱ्या भारतीयांच्या फार उपयोगी पडते. गोडात एक पदार्थ मराठी जिभेला हमखास आवडतो. शेंगदाण्याच्या चिक्कीची मोठी वडी रंध्यानं तासतात, तो कीस पातळ पोळीवर पसरतात, त्यावर आइस्क्रीमचे गोळे आणि वर कोथिंबीर, आणि गुंडाळी करून हातात देतात. कोथिंबीर नको म्हणू नये. तिच्यामुळेच चव येते.

पर्यटक त्या रात्री परत जातो. तैवानमध्ये राहणारा माणूस मात्र पुढच्या महिन्यात डोंगरातल्या पायवाटेनं चालायला पुन्हा येतो, आणि तेव्हा त्याला दुसरी बाजू दिसते. झाडांच्या शेंड्यांना लोंबणारा विटलेला कागद, ओढ्यात अडकलेली बांबूची कडी, गवतात तारा. कंदील वर जातो तो कुठेतरी खाली येतोच, आणि पिंगशीत वर्षभर इतके सोडले जातात की दरीला ते दिसू लागतं. गावातली वयस्क माणसं आणि स्वयंसेवक हे सांगाडे गोळा करतात; जमा करून देणाऱ्याला मोबदला देण्याची पद्धतही आहे. पण उंच कड्यावर, वेलींच्या गुंत्यात अडकलेला कंदील कोण काढणार? निसर्गप्रेमी संघटना या प्रथेवर टीका करतात ती योग्यच आहे. काही तरुण संशोधकांनी यावर उपाय शोधला आहे: बांबू आणि तार वगळून संपूर्ण कागदाचा कंदील, जो हवेतच जळून संपतो. तो महाग पडतो, आणि घासाघीस करणाऱ्या गर्दीत महाग वस्तू मागे राहते. प्रशासनानं तो सक्तीचा करावा, असं इथे स्पष्ट म्हणायला हवं. कंदिलामागे चार पैसे जास्त पडले म्हणून पिंगशीला येणारी माणसं थांबणार नाहीत.

आगीचं काय, हा प्रश्न कुणाच्याही मनात येतो. म्हणूनच ती ओल महत्त्वाची. पावसानं कायम भिजलेल्या या दरीत पेटता कागद पडला तरी जंगल सहसा पेटत नाही. कोरड्या हवेच्या प्रदेशात ही चैन परवडणारी नाही. तैवानमध्येही अग्निशमन कायद्यानुसार हे कंदील कुठेही सोडता येत नाहीत. पिंगशीतल्या ठरावीक भागात, ठरलेल्या वेळेतच त्याला मुभा आहे. तैपेईतल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवरून सोडला तर दंड होतो. थायलंडमध्ये चियांग माईच्या यी पेंग उत्सवातही असेच हजारो कंदील उडतात, आणि त्या रात्री तिथल्या विमानतळाला उड्डाणांच्या वेळा बदलाव्या लागतात, काही रद्द कराव्या लागतात.

कंदील नको तिथे पडला तर काय होतं, याची उदाहरणं युरोपात आहेत. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळच्या स्मेदिक इथे २०१३ च्या उन्हाळ्यात एक कंदील प्लॅस्टिकच्या पुनर्वापराच्या आवारात पडला. सुमारे एक लाख टन माल पेटला; कंदील पडतानाचं दृश्य तिथल्या कॅमेऱ्यात टिपलं गेलं. जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या प्राणिसंग्रहालयात २०२० च्या नववर्षाच्या रात्री कंदिलांनी माकडांच्या घराला आग लागली आणि तिथले तीसहून जास्त प्राणी मेले, त्यांत ओरांगउटान आणि चिंपांझीही होते. त्या राज्यात हे कंदील उडवण्यावर आधीपासून बंदी होती.

दिवाळीत आणि नववर्षाच्या रात्री आपल्याकडेही हे कंदील विकले जाऊ लागले आहेत. मुंबई पोलिसांनी ते विकण्यावर, साठवण्यावर आणि उडवण्यावर बंदीचे आदेश वर्षानुवर्षं काढले आहेत. मुंबईत आकाश म्हणजे उंच इमारती, झोपड्यांवरच्या ताडपत्र्या आणि विमानांचा मार्ग. पुण्यात आणि नाशकात भोवती ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून वाळत गेलेल्या गवताच्या टेकड्या. आपला आकाशकंदील दारात, गॅलरीत टांगायचा असतो. गोव्यात तर त्याच्या स्पर्धा भरतात, कागदापासून करवंट्यांपर्यंत कशाकशाचे कंदील माणसं हातानं घडवतात. घरात दिव्याची इतकी सुंदर रीत असताना दुसऱ्यांच्या छपरावर पेटता कागद पाठवायचं काहीही कारण नाही.

ज्यांना तो आकाशात चढताना पाहायचा आहे त्यांनी पिंगशीलाच जावं. तैवानमध्ये राहणारं आपलं कुणी असेल तर त्यांच्याबरोबर जाणं सर्वांत चांगलं: भाषेची अडचण येत नाही आणि दिवसाउजेडी खाणींचं संग्रहालय, शिफेनचा रुंद धबधबा, जिंगतोंगचं स्टेशन, सगळं सावकाश पाहता येतं. एकेकानं एकेक घेण्यापेक्षा चौघांत एकच कंदील घ्यावा, चार बाजू चौघांनी लिहाव्यात. दुकानात पूर्ण जळणारा कंदील आहे का, ते विचारावं, आणि असला तर जास्तीचे पैसे देऊन तोच घ्यावा. गावकऱ्यांच्या कचरा वेचण्याच्या एखाद्या फेरीत सामील होता आलं तर तेही करावं. २०२७ मध्ये युआनशियाव २० फेब्रुवारीला आहे आणि त्या दिवशी शनिवार आहे, त्यामुळे रजा टाकायचीही गरज नाही.